रडलेला कारकून

“नवनाथ, रुमाल खिशात घाल,” पहिल्या रांगेतून जगदाळे दात आवळून पुटपुटले. “ऐकतोयस का? रुमाल. खिशात.”

पण वेळ निघून गेली होती. माईक माझ्या हातात होता, समोर अख्खं ऑफिस खुर्च्या टाकून बसलं होतं, शेजारी गळ्यात हार आणि मांडीवर शाल-श्रीफळ घेऊन आमचे कुंभोजकर साहेब बसले होते, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. साधं पाणी येणं वेगळं. हे हनुवटीवरून शर्टावर टपकत होतं.

“साहेब आज निवृत्त होत आहेत,” मी म्हणालो. हे माझं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य पाठ होतं, पण डोळ्यांतलं पाणी नाकात उतरलं होतं, त्यामुळे आधी नाक ओढावं लागलं. ते माईकमधून असं काही ऐकू गेलं की मागच्या रांगेतल्या दोघांनी माना वर केल्या. “त्यांना... उत्तम आरोग्य लाभो,” मी कसंबसं म्हणालो. आवाज भरून आल्यासारखा निघाला. भोईटे मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातला लाडू उचलला होता.

मग साहेब उठले. चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी कोणाच्या नमस्काराला मान हलवण्यापलीकडे उत्तर दिलं नव्हतं, त्या माणसाने चष्मा काढला, रुमालाने डोळे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.  तसेच परत जाऊन बसले आणि पुन्हा डोळे पुसू लागले.

“गद्दार,” जगदाळे म्हणाले. हे त्यांनी पुटपुटण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

आता हे प्रकरण एवढं का पेटलं ते कळायचं तर ठराव सांगितला पाहिजे. या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली, तरी तालुक्याचं नाव मी सांगत नाही, कारण ठरावावर हात वर करणारे बरेच जण अजून हयात आहेत. आदल्या दिवशी साहेब मीटिंगला गेले असताना आम्ही अकरा जण रेकॉर्ड रूममध्ये कपाटांच्या आड जमलो होतो. सूचक जगदाळे, अनुमोदक भोईटे मॅडम. निरोप समारंभात कोणीही दोन वाक्यांच्या वर बोलायचं नाही. ‘आपली उणीव भासेल’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आणि कोणीही डोळ्यांत पाणी आणायचं नाही. शेवटच्या कलमावर तर सगळे खो-खो हसले होते, कारण ते पाळायला कोणालाच कष्ट पडणार नव्हते.

साहेब वाईट होते असं नाही. साहेब अचूक होते, आणि ते जास्त त्रासाचं होतं. जगदाळ्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मंजूर केली होती, पण दुपारनंतरची. साखरपुडा सकाळी होता. भोईटे मॅडम चहाला उठल्या की साहेब मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवत. भिकूनाना, आमचे शिपाई, साहेबांपेक्षा दोनच वर्षांनी लहान, पण घंटी वाजली की अजून धावत जात. लाच नावाची वस्तू मात्र त्या ऑफिसच्या पायरीवरही फिरकत नसे. तेही जगदाळ्यांच्या रागाचं एक कारण असावं, पण ते ठरावात नोंदलेलं नव्हतं.

मी सगळ्यांत नवा, नोकरी लागून तीन वर्षं झालेली. माझं काम म्हणजे जुन्या वह्यांतले सातबारे कॉम्प्युटरवर चढवणं. अख्ख्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच. एक जण वही वाचणार, मी टाइप करणार आणि मागे साहेब उभे राहणार. “सोनवलकर, नजर हलू देऊ नका,” ते सांगत. “पापणी लवली की गट नंबर चुकला, आणि गट नंबर चुकला की दोन भावांची डोकी फुटली.” मी तरुण होतो, मनावर घेतलं. हळूहळू अख्खं पान संपेपर्यंत पापणी न मिटण्याची मला सवय लागली. मला त्याचा अभिमानच होता. भिकूनाना बाहेरून आलेल्या तलाठ्यांना मला दाखवायला आणत. “हे बगा, बगा, मिटतोय का? न्हाई मिटत!”

त्यात पंखा. मोठा उभा पंखा ऑफिसात एकच होता आणि तो माझ्यासाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. यंत्र तापलं की बंद पडेल, अशी वरून ताकीद होती. त्यामुळे पंखा दिवसभर तीनवर, रोख यंत्राकडे, आणि मधे माझं तोंड. वर्षभराने डोळ्यांत खडे गेल्यासारखं टोचायला लागलं, मग पाणी यायला लागलं. मी विचार केला, डोळ्यांत पाणी जास्त झालंय. म्हणून दुपारी जेवण झालं की पंख्यासमोर उभं राहून, डोळे ताणून उघडे धरून, मी ते वाळवत असे. पाणी आणखीनच यायचं, मग मी आणखी वाळवायचो.

निरोपाच्या दिवशी, तीस एप्रिलला, आमच्या माणदेशी उन्हाने हॉल तापलेला. साहेबांना बरं वाटावं म्हणून भिकूनानांनी तोच पंखा उचलून माईकपाशी आणून ठेवला. पुढचं सांगितलंच आहे.

एक मेची सुट्टी गेली. दोन तारखेला ठीक दहाला ऑफिसच्या दारात कोण, तर साहेब. “कपाटाची एक किल्ली राहिली होती,” असं म्हणून त्यांनी ती जगदाळ्यांच्या टेबलावर ठेवली आणि सरळ माझ्यापाशी आले. मी पान अर्धं टाइप केलं होतं. डोळे वाहत होते.

साहेब थबकले.

“अजून?” ते हळूच म्हणाले.

मी रुमाल शोधत होतो. 

“सोनवलकर, असं करून कसं चालेल? माणूस आज ना उद्या निवृत्त व्हायचाच.” त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. “घरी आई-वडील आहेत ना? जेवताय ना नीट?”

“सायेब,” दारातून भिकूनाना म्हणाले, “आवो त्येचं डोळंच सुकनात. कालधरनं असंच चाललंय.” काल सुट्टी होती. पण भिकूनानांना आपल्या बोलण्यात असल्या अडचणी कधी येत नसत.

साहेब गेले, आणि मागे ऑफिसात जे काही झालं ते मी विसरणार नाही. जगदाळ्यांनी माझा चहा बंद केला. म्हणजे चहा येत होता, पण माझा कप टेबलाच्या पार टोकाला ठेवला जात होता. भोईटे मॅडम वही वाचताना मुद्दाम पान उलटून थांबत आणि विचारत, “पुढे वाचू, की आधी आठवण काढून घेता?” मी शपथा घेतल्या. म्हटलं, अहो, डोळ्यांचा त्रास आहे, पंख्याने होतं. तर जगदाळे म्हणाले, “पंख्याने होतं? आमच्यावर पंखा नाही का? आम्हाला नाही कधी कोणासाठी झालं!”

साहेब सोमवारी पुन्हा आले. या वेळी कारण होतं, निवृत्तीच्या कागदावरचा एक स्वल्पविराम. बुधवारी कारणसुद्धा नव्हतं. प्रत्येक वेळी माझे डोळे वाहत होते आणि प्रत्येक वेळी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन “पुरे आता, पुरे,” म्हणत होते. मी दर वेळी ठरवत होतो की सांगून टाकायचं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की जीभ उचलत नसे. माणूस आठवड्यात दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला होता. त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं.

घरी गेलो तर दारातच इंदुकाकू, साहेबांच्या पत्नी, उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, “हेच का ते?”

“हेच,” साहेब म्हणाले. जणू एखादं बक्षीस दाखवत होते.

पुरणपोळी केली होती. कटाची आमटी तिखट होती, त्यामुळे तिथेही डोळ्यांनी दगा दिलाच. काकूंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी काकूंकडे, आणि माझ्या पानात आणखी एक पोळी पडली.

साहेब हात धुवायला उठले तेव्हा मी मनाचा हिय्या केला. “काकू, एक सांगायचं होतं. ते समारंभातलं...”

“काही सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “मला सगळं कळलंय. अरे, हे घरी आले त्या दिवशी पायातली चप्पल न काढता सरळ आत आले. मला म्हणाले, इंदू, ऑफिसात एक जण रडला. मी म्हटलं, कोण, का? म्हणाले, माझ्यासाठी. मग कोल्हापूरला भावाला फोन, पुण्याला लेकीला फोन. ती म्हणाली, बाबा, दोनदा सांगितलंत. तर म्हणाले, ऐक की, तिसऱ्यांदा ऐक.” काकूंनी पदराने तूप लागलेलं बोट पुसलं. “चौतीस वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी येऊन म्हणायचा, मी कोणाला आवडत नाही, पण काम चोख आहे. तू ते खोटं पाडलंस बघ.”

पुरणपोळी माझ्या घशात अडकली. पाणी पिऊन ती खाली उतरवली आणि जे सांगायचं होतं तेही तिच्याबरोबर गिळून टाकलं.

इतक्यात साहेब आले. उजेडात त्यांनी माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “लाल झालेत,” ते म्हणाले. “एवढं रडणं डोळ्यांना चांगलं नाही. उद्या दहा वाजता डॉक्टर नाईकनवरे बाईंकडे. मी नंबर लावतो. मीही येतो बरोबर.”

मी नको-नको म्हटलं. पण साहेबांपुढे नको म्हणण्याचा अनुभव ऑफिसात कोणालाच नव्हता, मला तरी कुठून असणार?

डॉक्टर नाईकनवरे तरुण होत्या, चटपटीत, आणि पेशंटची थट्टा करत तपासण्याची त्यांना सवय होती. मी स्टुलावर बसलो. साहेब माझ्या मागे उभे राहिले, जसे कॉम्प्युटरपाशी राहत.

“काय होतंय?”

“विशेष काही नाही,” मी घाईने म्हणालो.

“यांचं मन फार हळवं आहे,” साहेब म्हणाले. “मी निवृत्त झालो. तेव्हापासून हे रडताहेत.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. “किती दिवस झाले?”

“बारा,” साहेब म्हणाले.

“रात्री झोपेतही रडता?”

“नाही.”

“घरी?”

“कमी.”

“ऑफिसात?”

 साहेबांनी अभिमानाने सांगितलं, “ऑफिसात सारखं.”

“टोचतं? जळजळ होते? कण गेल्यासारखं वाटतं?”

मी मान हलवली नाही. डॉक्टरांनी माझी हनुवटी यंत्रावर ठेवली, डोळ्यांत पिवळा थेंब घातला, दिवा पाडून पाहिलं आणि म्हणाल्या, “हं. अहो, हे डोळे तर कोरडे ठणठणीत आहेत.”

साहेब मोठ्याने हसले. “कोरडे? डॉक्टर, अहो, धो-धो वाहताहेत!”

“कोरडे आहेत म्हणूनच वाहताहेत.” डॉक्टरांनी स्टूल फिरवलं. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला हळूच पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. “डोळ्यावर पाण्याचा पातळसा थर असतो. त्यावर पापण्यांमधलं तेल पसरलेलं असतं, म्हणून तो उडून जात नाही. पापणी मिटली की हा थर नव्याने सारवला जातो. मिटलीच नाही तर वाळतो, डोळा टोचायला लागतो, घाबरतो, आणि मग एकदम भसाभस पाणी सोडतो. पण त्या पाण्यात दम नसतो. भेगा पडलेल्या रानावर वळीव कोसळला तर पाणी मुरतं का? वाहून जातं. तसंच. काम काय करता तुम्ही?”

“सातबारे चढवतात,” साहेब म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “अख्खं पान पापणी न लवता करतात. मीच तयार केलंय त्यांना.”

“तुम्हीच? वा! आणि वारा वगैरे लागतो तोंडावर?”

“पंखा असतो,” साहेब म्हणाले. आता ते हसत नव्हते.

“थेट तोंडावर? मग बरोबर. त्या पंख्यासमोर यांना माईक द्या, पोथी द्या, काहीही द्या, रडणार.”

मी डोळे मिटून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा मला पापण्या मिटण्याची इतकी गरज वाटली.

“सोनवलकर,” मागून साहेबांचा आवाज आला. “समारंभाच्या वेळी पंखा कुठे होता?”

“माईकपाशी होता, साहेब.”

“कितीवर?”

“तीनवर.”

साहेब भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत राहिले. मोठ्या अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत त्यांनी तो सगळा वाचला असावा. मग एकदम म्हणाले, “डॉक्टर, माझेही डोळे तपासा. मीही चौतीस वर्षं त्याच वह्या वाचल्या. माझ्याही डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं होतं. पंख्याचंच असणार.”

 त्यांना आजार हवा होता.

“पट्टी लावून बघू,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी टीपकागदासारख्या कागदाच्या बारीक पट्ट्या काढल्या, त्यांवर रेघा आखलेल्या होत्या. एकेका पट्टीचं टोक दुमडून आमच्या खालच्या पापण्यांत अडकवलं. “पाच मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसा. पट्टी किती मिलिमीटर भिजते त्यावरून कळतं, डोळ्यात किती पाणी आहे ते.” आणि त्या पलीकडच्या पेशंटकडे गेल्या.

आम्ही दोघं बाकावर शेजारी शेजारी बसलो. दोघांच्याही डोळ्यांतून कागदाची शेपटं लोंबत होती. समोरच्या बाकावरचं एक लहान पोर फिसकन हसलं आणि त्याच्या आईने त्याला गप्प केलं, एवढं मला ऐकू आलं.

“साहेब,” मी म्हणालो.

“बोला.”

“मला रोज सांगायचं होतं. तुम्ही आलात की सांगायचं होतं. काकूंनाही सांगणार होतो.”

“हं.”

“धीर झाला नाही.”

“आणि ठराव?” साहेब म्हणाले.

मी दचकलो.

“डोळे मिटा, सोनवलकर.” स्वतःचे मिटलेले असूनही त्यांना कळलं.

“तुम्हाला ठराव... कोणी सांगितला?”

“सांगायला कशाला हवं? जगदाळे दोन वाक्यं बोलून खाली बसले. चहात साखर कमी आहे एवढं सांगायला त्या माणसाला पाऊण तास लागतो. मग भोईटे मॅडम, दोन वाक्यं. भिकूनाना, दोन. त्यांना दुसरं आठवेना म्हणून त्यांनी पहिलंच पुन्हा म्हटलं. चौथ्या भाषणाला माझ्या लक्षात आलं. त्यानंतर मी फक्त मोजत होतो.” ते थांबले. पट्टी हलू नये म्हणून ते फार सांभाळून बोलत होते. “शेवटी तुम्ही उठलात. मी म्हटलं, ही दोन वाक्यं ऐकू आणि घरी जाऊ. तेवढ्यात तुम्ही रडायला लागलात.”

 बारा दिवस हा माणूस किल्ल्या आणि स्वल्पविराम घेऊन ऑफिसात का येत होता ते मला त्या बाकावर कळलं, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की पट्टी नसती तरी मी डोळे उघडले नसते.

डॉक्टर आल्या. पट्ट्या काढल्या, रेघा पाहिल्या. “सोनवलकर, उजवा तीन, डावा चार. दहाच्या वर हवं. म्हणजे भरपूर कोरडे. थेंब देते, ते वेळेवर घालायचे. पंखा तोंडावर नको, यंत्र तापलं तर तापू दे. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघायचं. आणि पापण्या मिटायच्या, पूर्ण मिटायच्या, अर्धवट नाही. त्यासाठी काही पगार कापत नाहीत.” मग त्यांनी साहेबांच्या पट्ट्या उजेडात धरल्या. “आणि साहेब... एकवीस आणि बावीस. अहो, या वयात इतके छान डोळे मी क्वचित पाहते. तुम्हाला काहीही झालेलं नाही. पंखा सोडा, वावटळीत उभे राहिलात तरी यांना काही होणार नाही.”

“मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी रडला असाल,” डॉक्टर सहज म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

साहेबांनी चारही पट्ट्या मागून घेतल्या. चष्मा लावला. माझ्या पट्ट्यांखाली स्वतःच्या ठेवून एकेक रेघ बोटाने मोजली. तीन. चार. एकवीस. बावीस. पुन्हा मोजली. “बरोबर आहे,” ते म्हणाले आणि पट्ट्या डॉक्टरांच्या टेबलावर सरळ रेषेत ठेवून दिल्या.

बाहेर आलो. ऊन रणरणत होतं. दवाखान्याच्या पायरीवर साहेब थांबले.

“म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये रडलं ते एकच माणूस,” ते म्हणाले.

“साहेब, मी येतो घरी. काकूंना मी सांगतो. कोल्हापूरला फोन करतो. चूक माझी आहे.”

“खबरदार!” साहेब म्हणाले. हा त्यांचा जुना आवाज होता, घड्याळ काढून टेबलावर ठेवणारा. मी आपोआप ताठ उभा राहिलो. पण पुढचं बोलताना तो आवाज टिकला नाही. “चौतीस वर्षांत मी एक नोंद चुकीची जाऊ दिली नाही, सोनवलकर. ही एक राहू द्या. ऑफिसात एक कारकून रडला. कोणी विचारलं तर तेवढंच.”

“जगदाळ्यांनी विचारलं तर?”

“त्यांना तर वर्णन करून सांगा.” त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

मला हसू आलं आणि दाटूनही आलं. मी म्हणालो, “लेखी देऊ का, साहेब?”

“लेखी नको,” ते म्हणाले. “खोटं कागदावर दिसलं की मला ते दुरुस्त करावंसं वाटतं. तोंडी सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो, पंखा भिंतीकडे फिरवला आणि जगदाळ्यांपुढे जाऊन उभा राहिलो. “तुमचं खरं आहे,” मी म्हटलं. “मी रडलो होतो. ठराव मोडला.”

“कोणासाठी? त्या माणसासाठी?” जगदाळे ओरडले. सगळं ऑफिस ऐकत होतं.

“साहेबांसाठी,” मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला क्षणभरही वाटलं नाही की मी खोटं बोलतोय.